‘नको’ म्हटलं की तिथे नकोच

पुण्यातल्या एका शाळेत मी २६ वर्षं जर्मन शिकवलं आणि त्या काळात ९ वेळा मुलांना घेऊन ब्रेमेनला गेले. औंधचा ब्रेमेन चौक पुणेकरांच्या रोजच्या बोलण्यात असतो. उत्तर जर्मनीतलं वेझर नदीकाठचं ब्रेमेन आणि आपलं पुणे यांची जुनी मैत्री आहे, त्या मैत्रीतून आलेलं ते नाव. आमची मुलं मे-जूनमध्ये तिकडे जातात, तिथल्या मुलांच्या घरी अडीच आठवडे राहतात, त्यांच्याबरोबर वर्गात बसतात. दिवाळीनंतर ती मुलं आपल्याकडे येतात. मागच्या अंकात या एक्स्चेंजबद्दल प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं देते आहे.

मी गणित शिकवते. आमच्या शाळेची २० मुलं मे महिन्यात जर्मनीला जाणार आहेत. जर्मनच्या बाईंबरोबर दुसरी शिक्षिका म्हणून माझं नाव आलंय. मला जर्मन येत नाही. मुलं रात्री २० वेगवेगळ्या घरांत असणार. मग मी नेमकं करायचं काय? — एक शिक्षिका, नाशिक

बाई, गड-किल्ल्यांच्या सहलीत मुलं रात्री एका छताखाली असतात. आपण खोल्यांमधून चक्कर मारतो, दिवे घालवायला लावतो आणि मग आडवं होतो. एक्स्चेंजमध्ये ते नाही. पहिल्या दिवशी दुपारी शाळेच्या फाटकापाशी जर्मन आई-वडील गाड्या आणि सायकली घेऊन येतात. नाव पुकारलं की आपलं एकेक मूल बॅग ओढत त्यांच्यामागे जातं. अर्ध्या तासात फाटक रिकामं. पहिल्या वर्षी तिथे उभी होते तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला होता.

दुसऱ्या खेपेला एक गोष्ट घडली आणि मला माझं काम समजलं. दहावीतली एक हुशार मुलगी तिसऱ्या दिवशी सकाळी शाळेत आली ती पांढरीफटक. दुसऱ्या तासाला तिने बाकावर डोकं टेकलं. बाहेर नेऊन विचारलं, तर दोन दिवस ती धड जेवलीच नव्हती. यजमान आईने विचारलं, ‘अजून ब्रेड घेणार?’ ही म्हणाली, ‘नाइन, डांके.’ आपल्याकडे पाहुणा पहिल्यांदा नको म्हणतो, दुसऱ्यांदा नको म्हणतो, तिसऱ्यांदा ताटावर आडवा हात धरतो आणि तरी वाढणारी अर्धी पोळी सरकवतेच. हिला वाटलं, पुन्हा विचारतील. त्या बाईंनी ब्रेडची टोपली उचलून ठेवली. त्यांनी त्यांच्या परीने पाहुणीच्या शब्दाला मान दिला होता. तिथे ‘घेणार का?’ याला नुसतं ‘डांके’ म्हटलं, तरी ‘नको, आभारी आहे’ असाच अर्थ घेतला जातो. हवं असेल तर ‘या, बिट्टे’ म्हणावं लागतं आणि ते पहिल्याच वेळी म्हणावं लागतं.

वर्गाबाहेर जाकिटं टांगायच्या खुंट्यांची लांब ओळ होती. तिच्याखाली भिंतीला टेकून बसून तिने माझ्या पर्समधली चिक्की खाल्ली. लहान मुलासारखी, दोन्ही हातांत धरून. मी त्या घरी फोन लावायला मोबाइल काढला होता. मग परत ठेवला. मी फोन केला असता तर तिला जेवण मिळालं असतं, पण त्या घरात ती ‘जिच्या बाईंचा फोन आला होता ती मुलगी’ झाली असती. मी तिला एकच वाक्य दिलं, ‘इश हाबे नोख हुंगर’, म्हणजे मला अजून भूक आहे. दहा वेळा म्हणून घेतलं. दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा चेहरा वेगळा होता. यजमान आईने रात्री तिच्यासाठी बटाटे परतले होते, कांदा घालून, गरम.

तेव्हापासून जाण्याआधीच्या महिन्यात मी व्याकरण बाजूला ठेवून हीच वाक्यं घोकून घेत आले. मला भूक आहे. मला थंडी वाजतेय. मला समजलं नाही. मला बरं वाटत नाही. मला थोडा वेळ एकटं बसायचंय. मूल आणि ते घर यांच्यामध्ये आपण उभं राहायचं नाही. आपण हाकेच्या अंतरावर असायचं. ही वाक्यं मुलांबरोबर तुम्हीही पाठ करा. त्यांच्यासारखंच तुम्हालाही अडखळताना पाहिलं की मुलं धीट होतात, हे मी माझ्या सहकाऱ्यांच्या बाबतीत पाहिलंय.

मोजणी मात्र तुम्ही हातात घ्या. डोकी मोजू नका, मोजता मोजता कुणीतरी हलतं. प्रत्येकाला एक कायमचा आकडा द्या आणि ओळीने जर्मनमध्ये म्हणायला लावा, आइन्स, त्स्वाय, द्राय. एकदा ब्रेमेनच्या मुख्य स्टेशनसमोर ट्राम बदलल्यावर आमचा ‘झीब्त्सेन’ आलाच नाही. सतरा नंबर गप्प. ट्रामचं दार उघडायला बटण दाबावं लागतं, तो दार उघडण्याची वाट पाहत उभा राहिला आणि ट्राम निघाली. आमचा नियम ठरलेला होता. मागे राहिलेल्याने त्याच थांब्यावर थांबायचं, चुकून पुढे गेलेल्याने पुढच्या थांब्यावर उतरून तिथेच थांबायचं, शिक्षक येतील. मी परत गेले तेव्हा तो पाटीखाली उभा होता, सॅक पाठीवरून काढून पोटाशी धरलेली. मला पाहून म्हणाला, ‘मी हललो नाही, बाई.’

आता रात्रीच्या फोनबद्दल. ‘बाई, मला घरी जायचंय’ असा फोन येईल. वीस मुलांत दोघा-तिघांचा येतोच. त्यांना एकच विचारा, ‘तुला तिथे भीती वाटतेय, की परकं वाटतंय?’ परकं वाटत असेल तर फोनवर बोलत राहा, सकाळी शाळेत लवकर भेटा. माझा अनुभव असा की चौथ्या-पाचव्या दिवशी हा जोर ओसरतो. पण भीती वाटते म्हणालं, किंवा उत्तरच देईना, तर त्याच रात्री मुलाला तिथून हलवा आणि चौकशी उद्या करा. यासाठी एक राखीव घर तिथल्या शिक्षकांकडून आधीच ठरवून घ्या. असं घर मला दोनदा लागलं आणि दोन्ही वेळा ते तयार होतं.

सगळ्यांच्या पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या प्रती, विम्याचे क्रमांक, घरांचे पत्ते आणि आई-वडील दोघांचे नंबर कागदावर ठेवा. पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत तक्रार, मग भारतीय वकिलात. ब्रेमेनसाठी ती हॅम्बुर्गला आहे, रेल्वेने तासाभराच्या अंतरावर. रुग्णवाहिका आणि अग्निशमनासाठी ११२, पोलिसांसाठी ११०. हे दोन आकडे तरी प्रत्येक मुलाला पाठ हवेत.

आणि पालकांची सभा घ्याल तेव्हा घड्याळाचं सांगा. उन्हाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. सकाळी सातला चहा घेता घेता केलेला फोन तिथे पहाटे साडेतीनला वाजतो.

आम्ही पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. मुलगा नववीत आहे. आजी तूप, पेढे आणि अनारसे करून देणार म्हणतेय. यजमानांसाठी हापूसची पेटी द्यायचा विचार आहे. अजून काय देऊ? — एक आई, सांगली

आजींच्या मायेपुढे हे सांगायला जिवावर येतं, पण यातलं काहीच देऊ नका. युरोपीय संघाच्या बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. तूप, पेढे, खवा, श्रीखंड हे सगळं त्यात आलं. ताजी फळं आणि पाला न्यायला वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो, त्यामुळे हापूस नाही आणि कढीपत्ताही नाही. अनारशांचं कारण वेगळं आहे. तुमचं विमान दुबई किंवा अबुधाबीमार्गे असेल तर खसखस अजिबात बरोबर नको. संयुक्त अरब अमिरातीत तिच्यावर बंदी आहे आणि ती अमली पदार्थांच्या कायद्यात मोडते. विमानतळावर नववीतल्या मुलाने हे काय समजावून सांगायचं?

चिक्की, शंकरपाळी, चिवडा, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी असं थोडं द्या. थोडंच. एका मुलाच्या आईने दहा किलो खाऊ दिला होता. तो रोज संध्याकाळी खोलीचं दार लावून चिवडा खायचा आणि जेवायला बोलावलं की भूक नाही म्हणायचा. आठवडाभर त्या घरच्यांना वाटत होतं, याला आपण आवडलो नाही.

तिकडे रात्रीचं जेवण बऱ्याच घरांत थंड असतं. ब्रेड, लोणी, चीज, काकडी, टोमॅटो, लोणच्यातल्या भाज्या. त्या जेवणाचं नावच ‘आबेंडब्रोट’, संध्याकाळचा ब्रेड. गरम जेवण पुष्कळदा दुपारी होतं. हे मुलाला इथेच सांगा आणि आठवड्यातून दोन रात्री घरीच तसं जेवायला द्या. त्याला कळेल आणि तुमचाही जीव थाऱ्यावर येईल.

शाकाहारी म्हणजे काय, हे तिथे माहीत असतं, पण त्यात अंडं धरलेलं असतं. म्हणून मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, असं तिन्ही नावं घेऊन त्याने स्वतः सांगायचं. जाण्याआधी त्या घराला त्याच्याच हाताने ईमेल लिहायला लावा. जेलीच्या रंगीत गोळ्यांमध्ये बहुतेक वेळा जिलेटिन असतं, ते प्राण्यांपासून करतात आणि मुलं तिथेच फसतात. काही चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारा पदार्थ, असतं. तुमच्या घरी ते चालतं की नाही, हे आधी तुम्ही ठरवा. ते ओझं त्याच्यावर टाकू नका. मे-जून हा पांढऱ्या शतावरीच्या कोंबांचा, ‘श्पार्गेल’चा हंगाम. २४ जूनपर्यंत सगळा देश ते खातो. उकडलेले बटाटे आणि लोणी घालून ते उत्तम लागतात, पण त्यावर ओततात त्या पिवळ्या सॉसमध्ये अंडं असतं.

यजमानांसाठी तुमच्या सांगलीची हळद द्या, छोटं पाकीट, नीट सील केलेलं. आणि त्याला मसालेभात किंवा बटाट्याची भाजी करायला शिकवून पाठवा. शेवटच्या रविवारी त्याने तिथे एक जेवण रांधायचं, असं आम्ही प्रत्येक मुलाला सांगतो.

मुलीला लहानपणी फिट्स यायच्या. तीन वर्षांत एकदाही आलेली नाही, गोळी चालू आहे. शाळेच्या आरोग्य-फॉर्मवर लिहिलं तर तिला यादीतून काढतील अशी भीती वाटते. नाही लिहिलं तर चालेल का? — एक आई, छत्रपती संभाजीनगर

नाही, चालणार नाही. मी हे हात जोडून सांगतेय.

माझ्या गटात एक मुलगा होता, त्याच्या फॉर्मवर ‘कोणताही आजार नाही’ असं लिहिलं होतं. पाचव्या दिवशी सकाळी न्याहारीच्या टेबलावर त्याला झटका आला. यजमान आईने ११२ ला फोन लावला, रुग्णवाहिका आली. मी इस्पितळात पोचले तेव्हा डॉक्टर एकच प्रश्न विचारत होते, हा कोणतं औषध घेतो? मला माहीत नव्हतं. पुण्यात फोन लावला, वडील कामावर, आई उचलेना. शेवटी यजमान मुलाने त्याची सॅक टेबलावर उलटी केली. कंपासपेटीत, पट्टी आणि खोडरबराच्या खाली, कागदात गुंडाळलेल्या गोळ्या होत्या. कुणाला दिसू नयेत म्हणून त्याने त्या तिथे लपवल्या होत्या आणि विमानप्रवासाच्या गडबडीत दोन दिवस घेतल्याही नव्हत्या. तो बरा झाला. पण चौदा वर्षांच्या मुलाने पाच दिवस ते एकट्याने सांभाळलं, याचं मला अजून वाईट वाटतं. त्याच्या आई-वडिलांना मी दोष देत नाही. शाळा नाव काढेल ही भीती खरी असते आणि काही शाळा तसं करतात, हे चूक आहे. तुमची शाळा तसं म्हणाली तर डॉक्टरांचं पत्र घेऊन मुख्याध्यापकांना भेटा. गोळी नियमित असेल आणि सोबतच्या शिक्षकांना माहिती असेल, तर मुलीला थांबवायचं कारण काय, हे त्यांनी सांगू दे.

जाण्याआधी तिच्या डॉक्टरांना विचारून घ्या. वेळ साडेतीन तासांनी सरकते तेव्हा गोळी कधी घ्यायची? रात्रीच्या विमानात झोप होत नाही आणि झोप मोडणं हे झटका येण्याचं एक कारण असतं, तर काय काळजी घ्यायची? गोळ्या हातातल्या सामानात ठेवा, मूळ वेष्टणात. सोबत चिठ्ठी, तीवर औषधाचं मूळ रासायनिक नाव, कारण आपल्याकडचं कंपनीचं नाव तिथे कुणाला कळत नाही. आधीपासूनचा आजार विम्यात धरलाय का, ते विमा कंपनीकडून लेखी घ्या. आणि यजमानांना कळवा की झटका आला तर तिला कुशीवर वळवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही, वेळ मोजायची, पाच मिनिटांच्या वर गेलं तर ११२. सोबत जाणाऱ्या आपल्या शिक्षकांनाही हेच सांगा. कांदा आणि चप्पल हुंगवणारे आपल्यात अजून आहेत.

मुलीचे वडील पाच वर्षं आमच्यासोबत राहत नाहीत. व्हिसासाठी दोघांच्या सह्या लागतात म्हणे. — एक आई, ठाणे

लागतात. मुलीचा ताबा तुमच्या एकटीकडे असल्याचा न्यायालयाचा आदेश असेल तर त्याची साक्षांकित प्रत जोडा. आदेश नसेल तर वडिलांचं नोटरी केलेलं संमतिपत्र लागेल, आणि त्यात वेळ जातो, म्हणून आजच सुरुवात करा. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. विमा किमान ३०,००० युरोचा हवा. १२ वर्षांवरच्या मुलांचे बोटांचे ठसे घेतात, त्यामुळे मुलीला स्वतः जावं लागेल.

आणखी एक. शैक्षणिक कारणासाठी जाणारे शाळेचे विद्यार्थी आणि त्यांचे शिक्षक यांना शेंगेन व्हिसाची फी माफ असते, फक्त अर्ज केंद्राचा सेवा आकार द्यावा लागतो. तुमच्याकडून व्हिसा फी घेतली असेल तर कशाची घेतली, ते विचारा. वडिलांच्या सहीचं मात्र वर्गशिक्षकांशी एकट्यात बोला. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो विषय येऊ देऊ नका.

बाई, मी नववीत आहे. तिकडे असताना माझी पाळी येणार. मला ज्या घरी पाठवतायत तिथे मुलगा आहे, त्याची बहीण नाही. मी काय करू? — एक विद्यार्थिनी, पुणे

तू विचारलंस हे फार बरं केलंस. घरातल्या आईला पहिल्या संध्याकाळीच, बॅग उघडताना सांगून ठेव. ‘इश हाबे माइने टागे’ म्हणजे मला पाळी आली आहे. ‘येणार आहे’ हे इंग्रजीत सांगितलंस तरी चालेल. तिथे हे लपवून बोलायची पद्धत नाही, ती तुला बाथरूममधला कचऱ्याचा डबा दाखवेल. पॅड कमोडमध्ये टाकायचं नाही, कागदात गुंडाळून त्या डब्यात. पॅड्स इथूनच घेऊन जा, सवयीची. चादरीवर डाग पडला तर घाबरून स्वतः रात्री धूत बसू नकोस, सकाळी सांग. पोटात खूप दुखलं तर त्या दिवशी सायकल नको म्हणून सांग. तिथे मुलं शाळेत सायकलवर जातात आणि तुला विचारल्याशिवाय कुणाला कळणार नाही. सोबत महिला शिक्षिका आहेत ना? नसतील तर आईला शाळेत जाऊन बोलायला सांग. मुली असलेल्या गटाबरोबर एक तरी बाई हवीच, याबाबत मी कधी माघार घेतलेली नाही.

तिथे सोळाव्या वर्षी मुलांना बिअर मिळते असं ऐकलं. खरं आहे का? — एक वडील, अमरावती

खरं आहे. जर्मन कायद्याने १६ पूर्ण झालेल्यांना बिअर आणि वाइन विकत घेता येते, कडक दारू १८ नंतर. वाढदिवसाला किंवा अंगणातल्या शेगडीवर जेवण करताना यजमान सहज विचारतील, त्यात त्यांचा काही वाकडा हेतू नसतो. म्हणून नियम आधीच लिहून दोन्ही बाजूंच्या पालकांना पाठवायचा, आमच्या गटातल्या कुणालाही, वय काहीही असो, दारू द्यायची नाही. जर्मन माणसं लिहिलेला नियम पाळतात. मुलाशी मात्र तुम्ही स्वतः बोला, रागावून नाही. ‘नाइन, डांके’ इथे अगदी बरोबर चालतं, कुणी दुसऱ्यांदा विचारत नाही.

नातीच्या गळ्यात मी दिलेलं सोन्याचं स्वस्तिक असतं. शाळेने ते काढून ठेवायला सांगितलं. आमच्या धर्माचं चिन्ह आम्ही का लपवायचं? — एक आजी, वाई

आजी, तुमचा राग मला समजतो. उंबऱ्यावर, चोपडीवर, कलशावर आपण जे हजारो वर्षं काढत आलो, ते शुभच आहे आणि ते कुणी नाकारत नाही. पण जर्मनीत त्या आकाराची वेगळी आठवण आहे. नाझींनी त्याला आपलं चिन्ह केलं आणि त्या चिन्हाखाली लाखो ज्यूंना मारलं. जर्मन दंडसंहितेच्या कलम ८६अ प्रमाणे ते चिन्ह जाहीरपणे मिरवणं गुन्हा आहे. धार्मिक स्वस्तिकाला तो कायदा लावायचा नसतो, हेही खरं. पण ट्राममध्ये समोर बसलेल्या म्हाताऱ्या बाईंना तुमच्या नातीचा धर्म कसा कळणार? त्यांच्या घरातलं कोण गेलं असेल, हे नातीलाही माहीत नसणार.

एका वर्षी निरोपाच्या कार्यक्रमात आमच्या मुलींनी शाळेच्या दारात रांगोळी काढली, मधोमध स्वस्तिक. तिथल्या इतिहासाच्या शिक्षिका येऊन उभ्या राहिल्या. बोलल्या काही नाहीत, चेहरा उतरला. मी मुलींना बाजूला घेऊन सांगितलं आणि त्यांनी स्वतःच्या हाताने ते पुसून तिथे कमळ काढलं. नंतर त्या बाईंनी मुलींना सगळं विचारून घेतलं, आपलं स्वस्तिक काय, त्यावरचे ठिपके कशाचे. मुलींनी छान सांगितलं. ते बोलणं शांतपणे झालं, कारण आधी ते पुसलं होतं.

ब्रेमेनच्या फार्गे भागात वेझरच्या काठी पाणबुड्या बांधण्यासाठीचा एक प्रचंड काँक्रीटचा बंकर आहे, बंकर व्हॅलेंटीन. १९४३ ते १९४५ दरम्यान तो वेठबिगारांकडून आणि छळछावणीतल्या कैद्यांकडून बांधून घेतला, त्यात हजाराहून जास्त माणसं मेली. जर्मन शाळा आपल्या मुलांना तिथे नेतात, आमच्या मुलांनाही नेतात. जाण्याआधी आपल्या मुलांशी याबद्दल बोलावं लागतं, कारण आपल्याकडे हिटलरचं नाव कुणीही सहज घेतं, कडक मास्तरांना गमतीने तेच नाव ठेवलेलं असतं. तिथे फोटोसाठी नाझी सलामीसारखा हात वर केला तर पोलीस येऊ शकतात.

नातीला ते स्वस्तिक तुमच्याकडे ठेवायला द्या. परत आली की तुमच्याच हाताने घाला.

आमचं घर दोन खोल्यांचं, माणसं पाच. परतीच्या भेटीला येणाऱ्या जर्मन मुलाला ठेवायचं कसं? मुलगा म्हणतो, मग मी जातच नाही. — एक आई, चिंचवड

त्याला जाऊ द्या. मी पाहिलेल्या सगळ्यात चांगल्या जोड्यांपैकी एक अशाच घरातली होती, वडील रिक्षा चालवायचे. जर्मन मुलगा बाहेरच्या खोलीत यजमान मुलाच्या शेजारी गादी घालून झोपायचा.

एक सोय मात्र करा. तिकडच्या मुलांना दिवसातून थोडा वेळ दार लावून एकटं बसायची सवय असते. त्या घरात रोज संध्याकाळी पाच ते सहा आतली खोली त्याची, असं ठरवलं होतं. आजीसुद्धा त्या वेळात आत जायची नाही. अंघोळीला बादली आणि तांब्या कसा वापरायचा, हे यजमान मुलाने पहिल्या सकाळी दाखवलं. संडासात कागदाचा रोल ठेवला. पिण्याला उकळलेलं किंवा सीलबंद पाणी, रात्री मच्छरदाणी. एवढंच.

आणि जेवताना आग्रह करू नका, हे तुम्हाला खास सांगते, कारण आपल्या प्रेमाची ती रीतच आहे. त्याच घरी दुसऱ्या दिवशी श्रीखंड-पुरीचा बेत होता. पान रिकामं झालं की आई वाढायची. मुलगा नाइन म्हणायचा, आई हसून अजून एक वाढायची. घरचे एवढं प्रेमाने देतात, टाकणं बरं दिसणार नाही, म्हणून तो खात राहिला. नऊ पुऱ्या. रात्रभर उलट्या झाल्या आणि मला पहाटे फोन आला. त्यानंतर त्या आईने एक युक्ती काढली. वाढायचं भांडं टेबलावर त्याच्यासमोर ठेवायचं आणि डाव त्याच्या हाताशी. हवं तेवढं तो घेई. ती समोर बसून बघत राही आणि वाढायला हात उचलला की यजमान मुलगा तिचा हात धरून खाली ठेवी.

शाळेला एक मात्र आजच विचारा. परदेशी पाहुणा घरी उतरला की २४ तासांत त्याच्या मुक्कामाच्या नोंदीचा सरकारी फॉर्म (पूर्वीचा फॉर्म सी) ऑनलाइन भरावा लागतो. तो शाळा भरणार की तुम्ही, आणि त्यासाठी त्याच्या पासपोर्टची आणि व्हिसाची प्रत तुमच्या हाती कधी येणार?